समुद्रकड्यातलं जीवाश्म उचलावं की तिथंच राहू द्यावं?

भीमाकाठ

मंडळी, शाळेच्या स्टाफरूममध्ये निघालेला वाद मिटला नाही, म्हणून इथं मांडतोय. मी सोलापुरात नववी-दहावीला भूगोल शिकवतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट भागात लाइम रेजिस नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या दोन्ही अंगांना समुद्राला लागून राखाडी-काळे कडे आहेत, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) आणि चुनखडीचे, साधारण १९-२० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हे समुद्रात राहणारे सरीसृप (डायनासोर नव्हेत, ही गल्लत पाठ्यपुस्तकं वाचलेली माणसंही करतात) जगाला नीट कळले ते मुख्यतः या कड्यांमुळे. हा किनारा २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शिवाय 'विशेष शास्त्रीय महत्त्वाची जागा' म्हणून तिथल्या कायद्याचं संरक्षण वेगळं. आणि तरीही तिथल्या वाळूत पडलेलं जीवाश्म कुणीही उचलून घरी नेऊ शकतो.

सहकाऱ्यांचा सवाल असा की, मग संरक्षण कसलं? आपल्याकडे संरक्षित जागेतलं पान तोडलं तरी दंड होतो.

माझं मत उलट आहे. तिथं उचलू दिलंच पाहिजे. हिवाळ्यात पाऊस मुरला की ते कडे चिखलासारखे खाली सरकतात. वरून दरड आली की हाडं उघडी पडतात, आणि पुढच्या काही भरत्यांत लाटा त्यांचा भुगा करतात. तिथं 'हात लावू नका' अशी पाटी लावली तर हात फक्त माणसाचे थांबतील, समुद्राचे नाही. २० कोटी वर्षं टिकलेला मणका एका हिवाळ्यात जाईल आणि तो होता हेही कुणाला कळणार नाही.

मेरी ॲनिंगचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. जन्म १७९९, घरची गरिबी, वडील सुतार. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉरची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीनं बाकीचा सांगाडा शोधून काढला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. १८२३ मध्ये तिनं पहिला पूर्ण प्लेसिओसॉर काढला. त्याची मान इतकी लांब की पॅरिसच्या क्युव्हिए या नामवंत शास्त्रज्ञाला आधी तो बनावट वाटला. हे सगळं ती दरडी कोसळत असताना, ओहोटीच्या वेळा साधून करायची. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा तिच्या पायाशी गाडला गेला. 'परवानगीशिवाय उचलू नये' असा नियम तेव्हा असता तर या गरीब मुलीला परवानगी कोणी दिली असती?

आजही हे थांबलेलं नाही. २०२० मध्ये सॉमरसेटच्या ब्लू अँकर किनाऱ्यावर वडिलांबरोबर फिरणाऱ्या ११ वर्षांच्या मुलीला हाडाचे मोठे तुकडे दिसले. तो जबड्याचा भाग निघाला, दोन मीटरहून लांब. २०२४ मध्ये त्या महाकाय इक्थिओसॉरला इक्थिओटायटन हे नाव मिळालं, लांबीचा अंदाज २५ मीटर. शोधनिबंधात ती मुलगी सहलेखक आहे. तो किनाराही संरक्षितच आहे, हे लक्षात घ्या.

आणि तिथं मोकाट रान नाही. लाइम रेजिस आणि शेजारचं गाव चारमथ यांच्या पट्ट्यात नियमावली आहे. खाली पडलेलं उचला, पण कड्यात खणू नका. महत्त्वाचं काही मिळालं तर चारमथच्या किनारा-माहिती केंद्रात नोंद करा. नोंद केलीत तर वस्तू तुमची. विकायची असेल तर आधी ब्रिटनमधल्या संग्रहालयांना संधी द्या. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. तुमचं काय?

माळढोक

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून ठाम विरोध नोंदवतो.

जीवाश्म म्हणजे फक्त हाड नाही. ते कोणत्या थरात होतं, कोणत्या कुशीवर पडलं होतं, शेजारी काय होतं, ही माहिती हाडाइतकीच मोलाची. वाळूतून उचललेल्या तुकड्याला ही माहिती नसते. तो दिवाणखान्यात शोभेला राहतो.

अमेरिकेतल्या नेवाडात बर्लिन नावाच्या उजाड खाणगावाजवळ शोनिसॉरस या १५ मीटरपर्यंतच्या इक्थिओसॉरची एक जागा आहे. साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीची. १९५४ पासून तिथं उत्खनन झालं, १९५७ मध्ये तिचं राज्य उद्यान झालं, आणि काही सांगाडे वर छप्पर घालून जसे सापडले तसेच जमिनीत ठेवले. एका ठिकाणी इतके महाकाय प्राणी एकत्र का मेले, हे कोडं कित्येक दशकं सुटत नव्हतं. ज्वालामुखी, विषारी शेवाळ, किनाऱ्यावर अडकणं, सगळे तर्क झाले. २०२२ मध्ये संशोधकांनी त्या जमिनीतल्या सांगाड्यांचं त्रिमितीय मोजमाप केलं, खडकाची रासायनिक तपासणी केली. तिथं प्रौढ प्राणी आहेत, गर्भातली आणि नवजात पिल्लांची हाडं आहेत, मधल्या वयाचे जवळपास नाहीतच. म्हणजे माद्या पिल्लं घालायला पिढ्यान्‌पिढ्या तिथं येत असाव्यात. १९५७ च्या लोकांनी सगळं खणून वाटून टाकलं असतं तर हे कळलं असतं का?

आज आपल्याकडे ज्या प्रश्नाचं साधन नाही ते उद्या असेल. म्हणून हात लावू नये.

सातासमुद्रापार

नमस्कार. माहेर सोलापूरची बाळीवेस, सध्या मुक्काम ब्रिस्टल. चारमथला मुलांना घेऊन बरेचदा जाणं होतं, म्हणून जे दिसतं ते लिहिते.

गाडीतळावरून उतरलं की आधी लागतो तो गोटे आणि वाळूचा किनारा. त्याच्यामागं काळा कडा, ओला, वरून सतत काहीतरी घरंगळत असतं. पायथ्याशी जाऊ नका असं बजावलेलं असतं आणि ते रास्त आहे, या किनारपट्टीवर दरडीखाली माणूस दगावलेला आहे. शोधायचं असतं ते पाण्याच्या रेषेजवळ, गोट्यांच्या आत. मुलांना सगळ्यात आधी बेलेम्नाइट सापडतात, माखलीसारख्या प्राण्याच्या अंगातला टणक भाग, बोटाएवढे टोकदार. मग अमोनाइट, चक्राकार शंखातल्या समुद्री प्राण्यांचे अवशेष. त्यांतले काही पायराइटचे (लोखंड-गंधकाचं खनिज) असतात, अगदी सोनेरी, नखाएवढे. आणि नशीब असेल तर इक्थिओसॉरचा मणका. तो काळाभोर, गोल, दोन्ही बाजूंनी खोलगट, कॅरमच्या स्ट्रायकरएवढा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी तो दगडच समजत होते. केंद्रातल्या बाईंनी कडेवरचे दोन उंचवटे दाखवले जिथं बरगडी टेकते, आणि मग तो दगड वाटेचना.

आता मुद्दा. माळढोक, तुम्ही म्हणता तसं तिथं ठेवून बघा. पायराइटचं जीवाश्म दमट हवेत राहिलं की आतून कुजतं, पांढरी-पिवळी पूड होते. घरात आणून नीट कोरडं ठेवलं तरी काहींचं होतंच. किनाऱ्यावरचं तर भरतीच्या दगडगोट्यांत दळून निघतं. नेवाडाच्या वाळवंटात छप्पर घालता येतं. डॉर्सेटच्या समुद्रावर छप्पर कुठून घालणार?

मात्र एक खुपतं. काही लोक हातोडे घेऊन येतात आणि जे दिसेल ते फोडत सुटतात. मोठा गोटा फोडला, आत काही नाही, फेकून दिला, पुढचा. त्याला माझा विरोध आहे. उचलणं वेगळं, फोडत सुटणं वेगळं. त्यावर तिथं कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं.

क्रशरवाला

काय ओ सर, तुम्ही मंडळी समुद्राचंच बोलायलाय. खाणीचं कुणीतरी बोला की.

मी तुळजापूर रोडच्या बाजूला खडी क्रशरवर सुपरवायझर आहे. आपल्याकडं सगळा काळा दगड. बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, इक्थिओसॉर त्याच्या आधीच, नऊ कोटींच्या आसपास संपलेले. म्हणजे सोलापुरात सापडायची आशा ठेवू नका. पण दगडातल्या पोकळीत गारगोट्या सापडतात, पांढरी-गुलाबी झिओलाइटं. सुरुंग उडाला की पहिल्यांदा बघतो तो कोण? पोकलेनचा ऑपरेटर आणि ड्रायव्हर. साहेब नाही, प्रोफेसर नाही. त्याला वाटलं तर तो बाजूला काढून ठेवतो, नाही वाटलं तर ते क्रशरमध्ये जातं आणि खडी होतं. मग ते कुणाच्याच बापाचं राहत नाही.

जर्मनीत होल्ट्समाडेनला हेच झालं. तिथला काळा शेल फरशीसाठी, छपरासाठी काढायचे. पिढ्यान्‌पिढ्या खाणमजुरांनीच इक्थिओसॉर शोधले. पोटात पिल्लं असलेले, कातडीची किनार उमटलेले. १८९२ मध्ये हाउफ नावाच्या माणसानं ती कातडीची किनार पहिल्यांदा नीट साफ करून दाखवली, म्हणून तर इक्थिओसॉरला पाठीवर पंख होता हे जगाला कळलं. १९७९ पासून तिथं उत्खननावर संरक्षण आहे, मोलाचं सापडलं तर ते सरकारचं. पण खाणी सगळ्या बंद केल्या नाहीत. काही खाणींत आजही पैसे भरून लोक साधे अमोनाइट फोडून नेतात. खाण थांबली असती तर जीवाश्म आतच राहिले असते, सुरक्षित पण कुणाला न दिसता.

बंदी घाला म्हणणाऱ्यांना एक विचारतो. खाणमजुराला हाड सापडलं आणि सांगितलं तर काम बंद पडणार, रोज बुडणार, पोलीस येणार. तो सांगेल का? मी तरी माझ्या माणसाला दोष देणार नाही.

माळढोक

क्रशरवाले दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला तो मान्य करायला जड जात नाही. पण त्याचं उत्तर 'उचलू द्या' नाही, 'सांगितल्याबद्दल पैसे द्या' हे आहे. बंद पडलेल्या दिवसाची भरपाई द्या. मजुराचं नाव पाटीवर लिहा.

आणि मेरी ॲनिंगबद्दल सर जे अभिमानानं लिहितात त्याची दुसरी बाजू बघा. तिनं काढलेले सांगाडे कोण विकत घेत होतं? जमीनदार, संग्राहक, शास्त्रज्ञ. पहिला इक्थिओसॉर २३ पौंडांना गेला. लेख त्यांनी लिहिले, नावं त्यांची झाली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत बाईला सदस्यत्व मिळालं १९१९ मध्ये, मेरी १८४७ मध्येच गेली होती. मोकळ्या बाजाराचा हा इतिहास आहे. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे वस्तू.

भीमाकाठ

माळढोक, मेरीवर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं. पण तो अन्याय करणारे सभागृहात बसलेले होते. किनाऱ्यावर तिला उचलू दिलं म्हणून अन्याय झाला, असं तुम्ही सुचवताय ते मला पटत नाही. तिच्या हातातला एकच हक्क होता, जे सापडेल ते विकून पोट भरायचा. तोही काढला असता तर उरलं काय असतं?

नेवाडाबद्दलही एक भर. त्या २०२२ च्या अभ्यासात नवजात पिल्लांची छोटी हाडं नव्यानं सापडली, तशीच काही जुन्या उत्खननांतून संग्रहालयात आणून ठेवलेल्या साहित्यातही निघाली. म्हणजे उचललेलं, नीट ठेवलेलं साहित्यही उपयोगी पडलं. जमीन आणि कपाट दोन्ही लागले.

वकील_सोलापूर

चर्चेत कायदा येऊ द्या थोडा.

इंग्लंडमध्ये जीवाश्म साधारणतः जमीनमालकाचं. संरक्षित जागा म्हणजे १९८१ च्या वन्यजीव कायद्याखालची जागा. तिथं मुख्य भर खडक उघडा राहण्यावर आणि जागेचं नुकसान न होण्यावर असतो, प्रत्येक दगड मोजून ठेवण्यावर नाही. भारतात जीवाश्मांसाठी वेगळा, पुरेसा कायदा नाही ही गोष्ट सरकारनंही मानली, म्हणूनच खाण मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेषांच्या जतनाचं एक मसुदा विधेयक लोकांसमोर ठेवलं. त्यावर अभ्यासकांचा मोठा आक्षेप होता की सगळे अधिकार एकट्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातात. विद्यापीठातल्या संशोधकालाही परवान्यासाठी रांगेत उभं राहावं लागेल, ही भीती रास्त आहे.

माळढोक, आपण दोघंही नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य बघत मोठे झालो. १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र. गावं, शेतं, रस्ते सगळं आत. लोकांना विहीर, जमीनखरेदी सगळ्याची कटकट. बाराशे-सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर यायला कित्येक वर्षं गेली. तोवर पक्षी दुर्मीळ झाला आणि माणसं दुरावली. संरक्षण जितकं मोठं तितकं चांगलं, हे सूत्र माझ्या डोळ्यांसमोर मोडलं आहे.

माळढोक

वकील साहेब, नान्नजचं दुःख माझंच आहे, म्हणून तर हे नाव घेतलं. पण माळढोक गेला तो बंदीमुळे नाही. गवताळ माळ नांगरले गेले, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. बंदी चुकीच्या जागी होती, हे म्हणा. ती नसती तर वाचला असता असं म्हणू नका.

चंद्रभागा

मी पंढरपूरची. तुम्ही सगळे इंग्लंड-अमेरिका करताय. माझ्या सासूबाईंच्या देवघरात अमोनाइट आहे, रोज त्यावर तुळस वाहिली जाते.

शाळिग्राम म्हणजे तेच ना. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे काळे गोटे, आत चक्र. ते ज्युरासिक काळातल्या टेथिस समुद्राच्या तळातले अमोनाइट. हिमालय वर उचलला गेला तेव्हा तो समुद्रतळही वर गेला, नदी तो झिजवते, गोटे खाली वाहत येतात. ज्या समुद्रांत इक्थिओसॉर पोहत होते त्याच काळातला प्राणी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुणी तोडला नाही, विकला नाही, फेकला नाही. सुनेकडे देताना सांगून देतात.

म्हणून मला भीमाकाठ सरांचं पटतं. नदी देते ते घ्यावं. डोंगर फोडू नये. आणि शाळिग्राम घरात आहे म्हणून माझ्या मुलाला भूशास्त्र घ्यावंसं वाटलं. काचेच्या पेटीत दूर कुठंतरी असता तर त्याला कळलंही नसतं की हा एक प्राणी होता.

माळढोक

ताई, तुमच्या घरातल्या शाळिग्रामाला नमस्कार. पण गंडकीकाठी आज काय चालतं तेही बघावं लागेल. मागणी वाढली की नदी देते तेवढ्यावर लोक थांबत नाहीत. गोटे फोडून चक्र दिसतंय का बघितलं जातं, पॉलिश केलं जातं. श्रद्धा असो की छंद, बाजार लागला की हातोडा येतो. सातासमुद्रापार ताईंनी चारमथला हेच बघितलं.

गंगाघाट

मी इथल्याच विद्यापीठात भूशास्त्र शिकतो. दोन गोष्टी.

पहिली, संग्रहालयात ठेवलं म्हणजे सुरक्षित, हे गृहीत धरू नका. १८१८ मध्ये डॉर्सेटच्या याच किनाऱ्यावर पहिला जवळपास पूर्ण इक्थिओसॉर सापडला. तो लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयात होता. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तो नष्ट झाला. ८० वर्षं सगळे समजत होते की गेला तो गेला. मग त्याचे प्लॅस्टरचे दोन साचे-ठसे सापडले, एक अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात आणि एक बर्लिनच्या संग्रहालयात. २०२२ मध्ये त्यावर निबंध आला. आपल्याकडेही एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय आगीत जळालं. म्हणून माझं म्हणणं, उचला किंवा ठेवा, पण आधी ठसा घ्या, आजच्या भाषेत त्रिमितीय स्कॅन करा. त्याला फार पैसा लागत नाही, मोबाइलवरच्या फोटोंतूनही ढोबळ प्रतिकृती बनते.

दुसरी गोष्ट समुद्रभिंतीची. तो विषय कुणी काढला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. लाइम रेजिसमध्ये घरं आहेत, आणि कडा सरकला की घरं जातात. २०१४ मध्ये गावाच्या पूर्वेला नवी भिंत आणि उताराला आधार देण्याचं काम पूर्ण झालं. गावकऱ्यांसाठी ते हवंच होतं. पण ज्या भागावर काँक्रीट आलं तिथं कडा झिजणं थांबलं, म्हणजे नवं जीवाश्म दिसणंही थांबलं. भूशास्त्रीय जागेचा खरा शत्रू अनेकदा पिशवी घेऊन आलेलं पोरगं नसतं. ती जागा झाकणारी भिंत, भराव, कचऱ्याचा ढीग असतो. आपण सगळे उचलणाऱ्यावर भांडतोय आणि झाकणाऱ्यावर कुणी बोलत नाही.

सातासमुद्रापार

अगदी. संरक्षित जागेत तिथं 'झिजू द्या' हेच धोरण असतं. माझ्या नवऱ्याला हे कळायला वेळ लागला, त्याला वाटायचं संरक्षण म्हणजे टिकवून ठेवणं.

क्रशरवाला

हे भारी सांगितलं बघा. आपल्याकडं जुन्या खाणीत कचरा भरायची पद्धत आहे. आत चांगला थर उघडा असंल तर तोही गेला.

वकील_सोलापूर

गंगाघाट, भिंतीच्या बाबतीत घर की जीवाश्म हा निर्णय कोणी घ्यायचा? मी तरी घराच्या बाजूनं. पण भिंत घालण्याआधी तो भाग अभ्यासकांना मोकळा करून द्यावा, एवढी अट परवानगीत घालता येते.

माळढोक

बरं, मग कच्छचं बोलू. इंग्लंडात शंभर वर्षांहून जुनी संग्रहालयं आहेत, किनाऱ्यावर केंद्र आहे, शाळेच्या पोराला अमोनाइट आणि बेलेम्नाइट यांतला फरक माहीत आहे. आपल्याकडे? भुजच्या जवळ लोडाई गावाशेजारी जवळपास पूर्ण इक्थिओसॉर मिळाला, साडेपाच मीटर, १५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. दिल्ली विद्यापीठाच्या गुंटुपल्ली प्रसाद यांच्या चमूनं २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. भारतातल्या ज्युरासिक खडकातला पहिलाच इक्थिओसॉर. समजा तिथं चारमथसारखा नियम लावला, 'पडलेलं उचला, नोंदवा'. नोंदवणार कोण? पहिल्याच वर्षी गाड्या भरून अमोनाइट जातील आणि मणके त्यांच्याबरोबर जातील. मणका ओळखणारा तिथं उभा नसेल. तुमचा नियम चांगला आहे, पण तो ज्या पायावर उभा आहे तो पाया इथं नाही.

भीमाकाठ

हा धाग्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पाया नाही हे मान्य. पण बंदीलाही पाया लागतो, माळढोक. बंदी राबवायला पहारेकरी लागतो, त्याला पगार, त्याला ओळख पटवायचं शिक्षण. कच्छच्या उजाड टेकड्यांवर तो कुठं आहे? म्हणजे आज तिथं जे चालतं ते ना बंदी, ना नोंद. दोन्हींतलं सोपं, स्वस्त आणि माणसांना बरोबर घेणारं कोणतं? मी म्हणतो नोंद. लोडाईसारख्या गावातली एक शाळा, एक शिक्षक, एक वही, मणका कसा दिसतो याचा एक मोठा फोटो भिंतीवर. मुलांनी आणून दाखवायचं, कुठं मिळालं ते नकाशावर टिंब करायचं, फोटो काढायचा, आणि मोठं असेल तर हात न लावता विद्यापीठाला फोन. सुट्टा अमोनाइट मुलाकडेच राहू द्यावा. ज्याच्या खिशात अमोनाइट आहे ते मूल मोठेपणी त्या टेकडीवर खाण येताना गप्प बसणार नाही.

खडकात अडकलेल्या सांगाड्याला मात्र कुणीही हात लावू नये, याबाबत मी तुमच्याइतकाच कडक आहे. लोडाईचा सांगाडा अतिशय टणक खडकात होता, तो काढायला जाणकारांनाही घाम फुटला. हौशी माणसानं छिन्नी घातली असती तर तुकडे हाती आले असते.

चंद्रभागा

सर, वहीची कल्पना आवडली. आपल्या जिल्ह्यात जीवाश्म नसले तरी गारगोट्यांची, जुन्या खाणींची अशी वही एखाद्या शाळेत सुरू करता येईल. माझा मुलगा मदत करेल.

क्रशरवाला

आमच्या खाणीचं घ्या सर. मालकाला विचारून सांगतो. पोरांना सुरुंगाच्या दिवशी आणू नका तेवढं.

गंगाघाट

घरात शहाबादी फरशी असेल त्या सगळ्यांसाठी थोडं अवांतर. तीही समुद्रात साठलेली चुनखडी, पण इतकी जुनी की तेव्हा हाड असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. तिच्यात सांगाडे शोधू नका, पण तिच्यावर कधीकधी लाटांच्या खुणा दिसतात. मुलांना त्या दाखवा.

माळढोक

सर, वहीला माझा विरोध नाही, मीही येऊन मदत करीन. पण माझी अट तशीच. वही आधी, उचलणं नंतर. ज्या टेकडीची वही सुरू झाली नाही, नकाशा झाला नाही, तिथं सुट्टा अमोनाइटसुद्धा जागच्या जागी राहू द्यावा. तुम्ही दोन्ही एकदम सुरू करा म्हणता, आणि आपल्याकडे एकदम सुरू केलेल्या गोष्टींतली वहीच मागं राहते, उचलणं पुढं निघून जातं.

भीमाकाठ

आणि तोवर त्या टेकडीवर पाऊस पडतच राहणार. समुद्राइतका वेग नसेल, पण कच्छमध्येही खडक फुटतो आणि जे उघडं पडतं ते फुटतं. 'आधी वही' ला मी तयार आहे, जर वही सुरू करायची तारीखही तुम्ही त्याच दमात सांगत असाल तर. तारीख नसेल, तर ती बंदीच झाली.

माळढोक

तारीख मी देऊ शकत नाही. तिथल्या शिक्षकांना विचारून मगच ठरवू. भुजचे दोघे ओळखीचे आहेत, त्यांना हा धागा पाठवतो आणि ते काय म्हणतात ते इथंच लिहितो.